दात बघून घेतलेली गिटार

रायबाग तालुक्यात चिंचलीला मायाक्काची जत्रा भरते, तेव्हा बैलबाजारातलं जाणतं गिऱ्हाईक बघत राहावं असं असतं. तो थेट भाव विचारत नाही. आधी लांबून बैलाची चाल बघतो, मग खूर, मग वशिंड. पाठीवरून शेपटीपर्यंत हात फिरवतो आणि सगळ्यात शेवटी ओठ वर करून दात मोजतो. आदत आहे, दोन दाती, चार दाती, की जुळलेला? दात दिसले की मालकाने वय किती सांगितलं याला किंमत उरत नाही. मग टॉवेलखाली दोघांचे हात जातात, बोटं दाबली जातात आणि शेजारी उभ्या असलेल्यालाही कळू न देता सौदा होतो.

अमेरिकेत जुन्या गिटारींचे जे बाजार भरतात त्यांचा जीवही इथेच आहे. टेक्सासमधला डॅलसचा गिटार शो १९७८ साली सुरू झाला आणि अजून भरतो. मोठा हॉल, ओळीने मांडलेली टेबलं, टेबलांवर उघड्या केस आणि त्यात पन्नास-साठ-ऐंशी वर्षांच्या गिटारी. बघणारा विचारून हात लावतो, गिटार उलटी करतो, नाकाशी नेऊन वास घेतो, टॉर्च लावून आत डोकावतो. ‘नुसतं बघूलोय’ म्हणत तासभर एकाच टेबलापाशी घुटमळणारी माणसं तिथेही असतात. बेळगाव-निपाणीकडच्या माणसाला हा सगळा व्यवहार लगेच ओळखीचा वाटेल. गिटारीलाही दात असतात, फक्त ते शोधावे लागतात.

फेंडर या कंपनीची जुनी इलेक्ट्रिक गिटार, स्ट्रॅटोकास्टर घेऊ. ही कंपनी जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या प्रसारण कंपनीने १ कोटी ३० लाख डॉलरला विकत घेतली. त्याच्या आधीची गिटार आणि नंतरची गिटार यांच्या भावात मोठी दरी आहे, म्हणून वय वाढवून सांगायचा मोह इथेच सगळ्यात जास्त. या गिटारीची मान चार स्क्रूंवर बसवलेली असते. ती उतरवली की मानेच्या बुडाला तारीख सापडते. सुरुवातीच्या वर्षांत ती पेन्सिलीने लिहीत, १९६२ पासून रबरी शिक्का आला. ‘२ मार्च ६२ बी’ असा शिक्का दिसला की पुष्कळ जण तो दोन मार्च वाचतात. तसं नाही. पहिला दोन हा मॉडेलचा आकडा, मध्ये महिना आणि वर्ष, आणि शेवटचा बी म्हणजे नटपाशी, म्हणजे डोक्याजवळच्या ज्या पट्टीवरून तारा जातात तिथे, मानेची रुंदी १ ५/८ इंच, म्हणजे साधारण ४१ मिलिमीटर.

दुसरा दात पिकगार्डच्या, म्हणजे गिटारीवर बसवलेल्या प्लॅस्टिकच्या पत्र्याच्या खाली. आवाज कमी-जास्त करण्याची जी बटणं असतात, त्यांच्या खालच्या पॉटच्या, म्हणजे फिरत्या रोधाच्या, कडेवर आकडे कोरलेले असतात. ‘३०४६३२०’ असेल तर ३०४ हा बनवणाऱ्याचा, म्हणजे स्टॅकपोलचा आकडा, ६३ हे वर्ष आणि २० हा त्या वर्षातला आठवडा. १३७ ने सुरुवात असेल तर पॉट सीटीएसचा. यावरून एवढंच सिद्ध होतं की गिटार त्या आठवड्याच्या आधीची असू शकत नाही. नंतरची असू शकते, कधी कधी बरीच नंतरची. फेंडरने १९६६ मध्ये पॉटचा इतका मोठा साठा करून ठेवला होता की पुढची काही वर्षं तेच पॉट गिटारीत बसत राहिले. म्हणून मानेच्या शिक्क्यावर ६८ आणि पॉटवर ६६ दिसलं तर घाबरायचं कारण नाही. उलट, मानेवर ६३ आणि पॉटवर ६६ असेल तर पॉट बदललेत किंवा मान दुसऱ्या गिटारीची आहे.

आता आकड्यावरून नजर काढून सोल्डरवर आणायची. कारखान्यात लावलेलं आणि साठ वर्षं न हललेलं सोल्डर राखट, मंद दिसतं आणि त्यावर धुळीचा पातळ थर घट्ट बसलेला असतो. परवा लावलेलं सोल्डर चकाकतं. कुणी जुनेपणा आणायला वरून काही फासलं असेल तर ते सोल्डरच्या गोळीबरोबर आजूबाजूच्या वायरच्या कापडी वेष्टणावरही पसरलेलं दिसतं, आणि कापड एकदा डागाळलं की लपत नाही. स्क्रूची भोकंही वाचावीत. ज्या भोकात एकच स्क्रू आयुष्यभर बसला आहे त्याची कड धारदार असते. आत काडी घालून बुजवलेलं भोक, किंवा शेजारी दुसरं भोक, म्हणजे खुंट्या किंवा ब्रिज (तारांची बुडाकडची घोडी) कधीतरी बदलला आहे.

टेबलावर हे सगळं उघडून बघायचं तर मालकाला विचारूनच, आणि स्क्रू-ड्रायव्हर त्याच्याच हातात असू द्यावा. काही रिवाज पक्के आहेत. दुसऱ्याच्या हातात गिटार असताना भावात तोंड घालायचं नाही, त्याने खाली ठेवली की मगच आपली पाळी. पट्ट्याचं बक्कल आणि जाकिटाची चेन गिटारीच्या पाठीला ओरखडे पाडतात, म्हणून पट्टा बाजूला सरकवून मगच मांडीवर घ्यायची. बैलबाजारात परक्याच्या बैलाला काठी लावत नाहीत, त्यातलाच हा प्रकार.

रंगाची परीक्षा सगळ्यात सोपी झाली आहे. जुन्या गिटारींवर नायट्रोसेल्युलोज लॅकरचा थर असतो. हा थर जुना झाला की अतिनील टॉर्चखाली पिवळट-हिरवट चमकतो. नंतर मारलेला रंग त्याच प्रकाशात काळपट, जांभळा राहतो. टॉर्च ३६५ नॅनोमीटरचा घ्यावा. ३९५ चा स्वस्त मिळतो, पण त्याचा स्वतःचाच जांभळा उजेड इतका पडतो की फरक झाकला जातो. गिब्सन या दुसऱ्या कंपनीच्या गिटारीत हा टॉर्च सगळ्यात आधी मानेच्या टोकाशी, नटच्या मागे धरायचा. तिथे डोकं बहुधा मागे १७ अंशांनी कललेलं असतं, मान एका अखंड महोगनीची, आणि नेमकं त्याच जागी ट्रस रॉडचा, म्हणजे मान सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईचा, पेच बसवायला लाकूड कोरून काढलेलं. केससकट गिटार पाठीवर पडली तरी तिथे चीर जाते. चांगल्या हाताने चिकटवलेली चीर वाजवायला काही त्रास देत नाही, पण व्यवहारात भाव निम्म्यावर येतो. पूर्ण रंग पुन्हा मारला असेल तरी हाच हिशेब धरतात. म्हणून चीर झाकण्यासाठी मानेवर रंगाचा फवारा मारलेला आढळतो, आणि टॉर्चखाली तो फवारा पट्टीसारखा उठून दिसतो.

नंबरावर मात्र विसंबू नये, निदान गिब्सनच्या तरी. १९६० च्या दशकापासून १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंतचे त्यांचे नंबर इतके विस्कळीत आहेत की एकच नंबर वेगवेगळ्या वर्षांच्या गिटारींवर सापडतो. मार्टिन या कंपनीचं उलट आहे. १८९८ पासून त्यांनी नंबर ओळीने टाकले आहेत, आणि भोकातून आत टॉर्च मारला की मानेच्या बुंध्याच्या ठोकळ्यावर नंबर वाचता येतो. त्यावरून वर्ष ठरतं.

इथवर सगळे दात झाले. अकूस्टिक, म्हणजे विजेशिवाय वाजणाऱ्या, गिटारीत मात्र खरी गोष्ट चालीची असते आणि ती बघायला दहा मिनिटं पुरतात.

गिटार डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरून डोक्याकडून बुडाकडे एका रेषेत बघावं. मानेला पीळ असेल तर दोन्ही कडा वेगवेगळ्या दिशेने जाताना दिसतात. पीळ असला तर गिटार परत ठेवून द्यावी, तो दुरुस्त करणं खर्चिक आणि बेभरवशाचं. मग सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार पहिल्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) एका हाताने आणि चौदाव्यावर दुसऱ्या हाताने दाबून धरायची आणि सातव्या फ्रेटवर तारेखाली किती फट आहे ते बघायचं. ०.२ ते ०.३ मिलिमीटर हवी. मोजपट्टी नसेल तर झेरॉक्सचा साधा कागद ०.१ मिलिमीटरचा धरा, म्हणजे दोन ते तीन कागद. फट यापेक्षा बरीच मोठी असेल तर मान तारांच्या ओढीने धनुष्यासारखी वाकली आहे. ट्रस रॉड असेल तर पाव-पाव फेरा घट्ट करून ती सरळ होते. पण मार्टिनने फिरवता येणारा ट्रस रॉड १९८५ पासून बसवला. त्याआधीच्या गिटारीत लोखंडी पट्टी किंवा चौकोनी नळी असते, तिला फिरवायला काहीच नाही.

पुढचा प्रश्न मानेच्या कोनाचा, आणि जुनी गिटार घेताना पैसे जातात ते बहुधा इथेच. सरळ लोखंडी पट्टी फ्रेटवरून ब्रिजकडे सरकवायची. पट्टीचं टोक ब्रिजच्या लाकडाच्या वरच्या कडेला अलगद टेकलं तर कोन ठीक. टोक ब्रिजच्या पोटावर धडकलं तर मान पुढे झुकली आहे. बाराव्या फ्रेटवर जाड तार साधारण २.५ आणि बारीक तार २ मिलिमीटरवर असावी. ती ४ मिलिमीटरवर असेल आणि सॅडल, म्हणजे ब्रिजमधली तारांखालची हाडाची पट्टी, घासून घासून ब्रिजमधून जेमतेम एक मिलिमीटर वर उरलं असेल, तर आधीच्या मालकाने दुखणं पुढे ढकललं आहे. सॅडल निदान ३ मिलिमीटर वर हवं, नाहीतर तारांचा दाब टॉपवर, म्हणजे वरच्या फळीवर, पडत नाही आणि आवाज बसका होतो.

ब्रिजच्या मागे टॉपला थोडी फुगवटी असतेच, ती दोष नव्हे. ब्रिज आणि टॉपच्या मध्ये कागद सरकवून बघावा. आत गेला तर ब्रिज उचलला आहे. टॉपवर आणि पाठीवर बोटाच्या पेराने टकटक करत फिरावं. एका जागी खुळखुळ किंवा भरकट आवाज आला तर आतली आधाराची लाकडी पट्टी सुटली आहे. छोटा आरसा आणि टॉर्च भोकातून आत घातला की ती दिसते. शेवटी एटीएम कार्डाची कड तीन-तीन फ्रेटवर आडवी ठेवून हलवायची. डुगडुगली तर मधला फ्रेट उंच आहे आणि तिथेच तार करकरणार.

वाजवून बघणं या सगळ्यानंतर. शंभर टेबलांवर शंभर लोक एकाच वेळी वाजवत असतात तिथे आवाजाचा अंदाज येत नाही. इलेक्ट्रिक गिटार असेल तर ती अँपला न जोडता शरीराच्या वरच्या शिंगासारख्या टोकाला कान टेकवून एकेक तार सोडावी. लाकूड किती वेळ बोलतं ते कळतं, आणि पिकअप, म्हणजे तारांचा कंप पकडणारी चुंबकी वेटोळी, नंतर मीटरने मोजता येतात. गिब्सनच्या १९५७ पासूनच्या पहिल्या हंबकरांचा, म्हणजे दुहेरी पिकअपांचा, रोध ७ ते ९ किलो-ओहमच्या आसपास, स्ट्रॅटोकास्टरच्या पिकअपचा साधारण ६. मीटरवर काहीच आकडा आला नाही तर आत कुठेतरी तार तुटली आहे.

आता बदल काय झाला ते सांगतो.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत ही सगळी माहिती टेबलामागच्या माणसांच्या डोक्यात होती. पॉटचे आकडे, शिक्के, कुठल्या महिन्यात कुठला स्क्रू बदलला, हे शिकायचं तर शोला जाऊन उभं राहावं लागे. पुढे छापील ओळख-पुस्तकं आणि भावाची मासिकं आली. जपानी व्यापारी रोख पैसे घेऊन येत आणि पहिल्या सकाळी चांगला माल उचलून नेत. ईबे १९९५ मध्ये सुरू झालं, आणि २०१३ मध्ये शिकागोतून खास वाद्यांसाठी रिव्हर्ब आलं, जे २०१९ मध्ये एट्सीने २७.५ कोटी डॉलरला घेतलं. त्यानंतर टेबलावरचा टॉवेल उचलला गेला तो कायमचा. आज विकणारा आणि घेणारा दोघंही एकाच गिटारीवर वाकून आपापल्या फोनवर तोच भाव बघत असतात. त्यातही एक चूक सर्रास होते. लोक मागितलेला भाव बघतात. बघायचा असतो तो झालेल्या विक्रीचा. मागणारा काहीही मागू शकतो.

२००७-०८ पर्यंत भाव असे चढत गेले की गिटार न वाजवणारी माणसं ती गुंतवणूक म्हणून घेऊ लागली. मग मंदी आली आणि भाव घसरले. जे वाजवण्यासाठी घेणारे होते त्यांचं फार काही बिघडलं नाही. पण या चढ-उतारातून एक वाईट सवय उरली, ती सुट्या भागांची. अख्ख्या गिटारीपेक्षा तिचे पिकअप, खुंट्या, प्लॅस्टिक, केस वेगवेगळे विकले तर जास्त पैसे येतात असं लक्षात आल्यावर धडधाकट वाजत्या गिटारी मोडल्या गेल्या. मला या सगळ्या व्यवहारात सगळ्यात लागतं ते हे. साठ वर्षं एकत्र राहिलेलं लाकूड आणि तांबं एका दुपारी वेगळं होतं, आणि ते भाग दुसऱ्या गिटारीत बसून तिचे दात खोटे करतात.

चांगली गिटार हल्ली शोच्या हॉलपर्यंत पोहोचतेच असं नाही. फोटो पाठवून आधीच सौदा झालेला असतो. हॉलमध्ये त्या जागी नवे कारागीर, पेडल, अँप, शिकवण्याचे वर्ग आले आहेत. तरुण पोरं त्यासाठी येतात आणि हे मला चांगलंच वाटतं. जुन्या टेबलांशी उभी असलेली माणसं मात्र वयाने मोठी होत चालली आहेत, आणि एका वेळी जमवलेले संग्रह पुन्हा बाजारात येत आहेत. रविवारी दुपारी, माल परत गाडीत भरायच्या आधी, भाव अजूनही हलतो. तेवढं बदललेलं नाही.

तारखेच्या बाबतीत आजचं गिऱ्हाईक पूर्वीपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे, हे मान्य करायला हवं. पण फोटोत दात दिसतात, चाल दिसत नाही. मानेचा कोन, सुटलेली पट्टी, केसचा कुबट वास हे हातात घेतल्याशिवाय कळत नाही. म्हणून डॅलस किंवा आणखी कुठल्या शोला नात्यातलं कुणी जाणार असेल, तर भाच्याला नुसतं ‘चांगली दिसली तर घे’ सांगून पाठवू नये. त्याला चार चित्रफिती मागाव्यात. डोक्याकडून बुडाकडे एका रेषेत एक. पट्टी ब्रिजला कुठे लागते ती एक. टॉर्च टॉपला आडवा धरून, म्हणजे फुगवटी आणि चिरा सावलीने उठतील, अशी एक. आणि आरशातून आतली एक. पिकगार्ड कासवाच्या पाठीसारख्या नक्षीचं जुनं सेल्युलॉइड असेल तर शेजारच्या धातूवर हिरवट बुरशीसारखा थर आला आहे का तेही विचारावं. तसा थर असेल तर प्लॅस्टिक कुजायला लागलं आहे. ते काढून वेगळं ठेवावं लागतं, कारण त्याची वाफ केसमधला बाकीचा धातूही खाते आणि ते पटकन पेट घेतं.

लाकडाचा कागदही विचारायचा. ब्राझिलियन रोझवुडला १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारात सगळ्यात कडक बंधन आहे, गिटार कितीही जुनी असली तरी परवान्याशिवाय सीमा ओलांडता येत नाही. २०१७ च्या जानेवारीत बाकीच्या सगळ्या रोझवुडलाही कागद लागू झाले होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. यातलं भारतीय रोझवुड म्हणजे आपली शिसव. मार्टिनने १९६९ च्या सुमारास ब्राझिलियन लाकूड सोडून शिसव घेतली आणि तेव्हापासून जगातल्या असंख्य गिटारींच्या पाठी आणि बाजू शिसवीच्या आहेत. खानापूरच्या जंगलात उभं असतं तेच झाड. डॅलसच्या टेबलावर गिटार उलटी करणाऱ्याच्या हाताखाली आपल्या घाटातली रेघ असते.

आता आपल्या घरातल्या गिटारींकडे येऊ. बेळगावच्या कॅम्पातल्या, चर्चच्या गायकवृंदातल्या, गणपतीच्या आणि लग्नाच्या ऑर्केस्ट्रातल्या, चोर्ला घाटावरून गोव्यातून आलेल्या. आयातीवर बंधनं होती त्या काळात परदेशी गिटार दुर्मिळ, त्यामुळे या बहुतेक कोलकात्यात बनलेल्या, प्लायवुडच्या. अमेरिकन मापाने यांना संग्रहाची किंमत नाही. तरीही त्या फेकू नयेत, कारण त्यातल्या बऱ्याच गिटारींचं निम्मं दुखणं फुकटात जातं. ज्यांच्या तारा बुडाच्या पत्र्याला अडकतात आणि ब्रिज नुसता टॉपवर टेकलेला असतो, त्यात ब्रिज जागेवरून सरकलेला असतो आणि गिटार कायम बेसूर वाटते. बाराव्या फ्रेटच्या वर बोट अलगद ठेवून तार छेडायची, मग तोच फ्रेट दाबून छेडायची. दोन्ही सूर एक यायला हवेत. दाबलेला सूर चढा आला तर ब्रिज बुडाकडे सरकवायचा, उतरला तर भोकाकडे. आधी बारीक तारेची बाजू, मग जाड. दोन-तीन मिलिमीटरमध्ये काम होतं. मग ब्रिजच्या पायांभोवती पेन्सिलीने रेघ मारून ठेवायची.

मान इतकी झुकली असेल की तारा बोटाला लागतात, तर तिला मांडीवर घेऊन हवाइयन गिटार करण्याचा जुना मार्ग आहे. नटवर उंचवटा बसवायचा आणि लोखंडी कांडीने वाजवायची. ब्रिजभूषण काब्रा आणि विश्वमोहन भट्ट यांनी याच पद्धतीतून रागसंगीत उभं केलं. भट्टांच्या मोहनवीणेला तर १९९४ मध्ये ग्रॅमी मिळालं.

लाकूड भरीव असेल आणि मान सरसाने बसवलेली असेल तर ती सोडवता येते. पंधरावा फ्रेट काढून त्याच्या खाचेतून सांध्याच्या पोकळीपर्यंत दीड-दोन मिलिमीटरचं भोक पाडतात आणि सुईने वाफ सोडतात. दहा-पंधरा मिनिटांत सरस मऊ होतो. वाफ जास्त झाली की लॅकर पांढरं पडतं, म्हणून भोवती फडकं ठेवून थांबत-थांबत करायचं. सांधा परत बसवायचा तोही सरसानेच. एक भाग सरसाची कणी, दोन भाग पाणी, रात्रभर भिजत, मग पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून ६० ते ६५ अंशांवर गरम. उकळला की त्याची ताकद जाते. लावल्यापासून मिनिटभरात सांधा आवळून धरावा लागतो, म्हणून शिकंजा आधी एकदा सुका लावून बघायचा. सुताराचा पांढरा गोंद मात्र कुणी आत भरला असेल तर पुढच्या माणसाची कंबर मोडते. तो ताणाखाली हळूहळू सरकतो, आणि त्याच्यावर सरस धरत नाही.

आपल्या बेळगाव जिल्ह्यात दोन हवामानं आहेत. कणकुंबीकडे आषाढात कपडे आठवडाभर वाळत नाहीत, आणि अथणीकडे त्याच महिन्यात रस्त्यावर धूळ असते. गिटारीला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. पावसाळ्यात टॉप पाणी पिऊन फुगतो, तारा वर जातात, आणि लोक घाईने सॅडल घासून टाकतात. मग फेब्रुवारीत लाकूड आकसतं, तारा खाली येऊन करकरतात, फ्रेटची टोकं कडेला बोटाला टोचतात, टॉपला चीर जाते. पावसाळ्यात कुठलंही सॅडल घासू नये. केसमध्ये आर्द्रतामापक ठेवावा, पण त्यावर आधी विश्वास ठेवू नये. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्याचा ओलसर लगदा होईल इतकंच पाणी घालायचं, झाकण आणि मापक एका घट्ट बंद पिशवीत दहा-बारा तास ठेवायचं. आत ७५ टक्के दिसायला हवेत. ७० दिसले तर मापक पाच कमी दाखवतो, तेवढे मनात मिळवत राहायचं. सिलिका जेलच्या पुड्या भिजून रंग बदलला की ११०-१२० अंशांवर तास-दोन तास तापवून परत वापरता येतात. आणि एप्रिलमध्ये उन्हात लावलेल्या गाडीत गिटार अर्धा तासही सोडू नये, ब्रिजखालचा सरस तिथेच सुटतो.

असा बाजार आपल्याकडे भरवणं अवघड नाही. मिरज जवळ आहे. तिथल्या सतारी आणि तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि जवारी, म्हणजे तारांखालच्या घोडीचा उतार, लावणारा हात गिटारीचं सॅडलही चांगलं लावतो, कारण दोन्हीकडे प्रश्न हाडावरून तार कशी सुटते हाच असतो. बेळगावात जुन्या पेट्या (हार्मोनियम) घरोघरी आहेत. गिटार, पेटी, तानपुरा एका हॉलमध्ये आले तर गिऱ्हाईक कमी पडणार नाही. महिना नोव्हेंबर धरावा, तोवर पावसाचं पाणी लाकडातून उतरलेलं असतं आणि हिवाळ्याची कोरड चढलेली नसते. टेबलावर घोंगडं नको, त्याची लोकर पॉलिशला ओरखडते. वाकळ घालावी. मान टेकायला खाली गुंडाळलेला टॉवेल. एक खोली आवाजाशिवायची, जिथे एका वेळी एकच वाद्य वाजेल. आरसे, टॉर्च, लोखंडी पट्टी आणि मीटर दाराशीच ठेवावेत, मागेल त्याला द्यायला. प्रत्येक वाद्याशेजारी एक चिठ्ठी असावी. त्यावर वर्ष आणि ते कशावरून ठरवलं, काय बदललं आहे, बाराव्या फ्रेटवर तारा किती मिलिमीटरवर आहेत, आणि त्या दिवशीची आर्द्रता लिहावी. भावाची ओळ मोकळी ठेवावी. तो आधी गिटार हातात घेऊन, मग टॉवेलखाली हात घालून ठरू दे.